रिसेप्टर बंद ठेवणं की कापून टाकणं?

जंतू शिरले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वास काढत तिकडे धावतात. हा वास, म्हणजे इंटरल्यूकिन-८ सारखी रसायनं, त्यांच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारी प्रथिनं, ओळखतात. या रिसेप्टरांवर एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, दोन तऱ्हांनी काम करतात.

पहिली तऱ्हा आतून. जीआरके नावाची एन्झाइमं रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटवतात. मग त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, संदेश थांबतो, रिसेप्टर आत ओढला जातो. पुढे फॉस्फेट निघालं की तो पुन्हा वर येऊ शकतो. दाराला कडी लावावी, तसं.

दुसरी तऱ्हा बाहेरून, आणि मला खरी काळजी हिचीच वाटते. प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइमं, रिसेप्टरचा बाहेरचा भागच कापतात. कापलेला तुकडा परत जोडला जात नाही. नवा रिसेप्टरच हवा. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात न्यूट्रोफिलमधूनच सांडलेलं इलास्टेज हे प्रोटिएझ सीएक्ससीआर१ हा इंटरल्यूकिन-८ चा रिसेप्टर कापतं, हे २००७ साली दाखवलं गेलं. आपल्याच सैनिकाची सुरी आपल्याच सैनिकावर! अशा पेशी जंतू मारण्यात कमी पडतात, आणि तुटलेले तुकडे सूज आणखी भडकवतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तर स्वतःचं स्टॅफोपेन ए हे प्रोटिएझ वापरून सीएक्ससीआर२ हा त्याच्या जोडीचा रिसेप्टर कापतो. सीएक्ससीआर१ ला मात्र हात लावत नाही.

कडी शरीराला हवीच, नाहीतर संदेश वेळेवर थांबणार नाही. कात्रीवर मात्र लगाम हवा: इलास्टेजला रोखणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन श्वासावाटे दिल्यावर सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या पेशींवर सीएक्ससीआर१ पुन्हा वाढला.