पिल्लं उत्तम, पण नरांचं काय करायचं ते ठरवून जा

कुडाळ बाजारापासून जरा आत कोंबडीखाद्याचं दुकान आहे, तिथेच एक दिवसाची पिल्लं मिळतात. घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्या पाळायच्या असतील तर मी डोळे मिटून याच दुकानात जायला सांगेन. निघण्यापूर्वी घरात एकच गोष्ट बोलून घ्या, नर निघतील त्यांचं काय करायचं.

आम्ही गिरिराज (ही सुधारित जात) आणि गावरान मिळून बारा पिल्लं आणली. सगळी चपळ, बेंबी सुकलेली, शेपटीखाली घाण नाही. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस आधीच टोचलेली असते. लासोटाचे, म्हणजे राणीखेत रोगावरच्या लशीचे, थेंब डोळ्यांत कधी घालायचे ते दुकानदार काका खोक्यावरच लिहून देतात. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंशांची ऊब लागते, पण ते थर्मामीटर गळ्यात मारत नाहीत. म्हणाले, "पिल्लां बल्बाखाली गोळा झाली तर तेंका थंडी वाजता, कडेक पळाली तर गरम होता." आमचं एकही दगावलं नाही.

नर-मादी ओळखून इथे देत नाहीत आणि तसं विकतानाच स्पष्ट सांगतात. निम्मे नर निघणार हे धरूनच चालायचं. मोठ्या अंडीउद्योगात नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने 2022 पासून त्यावर बंदी आणली. परसात तो निर्णय पहिल्या दिवशी टळतो आणि चार महिन्यांनी येतो, तोवर आपण त्यांना नावं ठेवलेली असतात.

आमच्यात सहा नर निघाले. तुरे लाल झाले, पाय जाड झाले, मानेवर टोकदार चकचकीत पिसं आली आणि मग पहाटेपासून आरवणं, मारामाऱ्या. तलंगांच्या, म्हणजे तरुण माद्यांच्या, पाठी पिसं झडून उघड्या पडायला लागल्या. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो, आणि नुसती अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. त्यातल्या तांबड्याला लेकीने शिरपा नाव ठेवलेलं. खुराडं उघडलं की बाकीचे उकिरड्याकडे धावायचे, हा आधी तिच्या ओंजळीतली कणी खायला यायचा, तीही हळूच, चोच लागू न देता.

हे दुकान खरं उपयोगी पडलं ते इथे. वाढलेले कोंबडे ते वजनावर परत घेतात. कुठे जातात विचारलं तर लपवलं नाही: काही खानावळीत, काही राखणीला, म्हणजे राखणदार देवाला कोंबडा देतात त्यासाठी. झुंजीसाठी मागायला आलेल्या माणसाला त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलं, दुप्पट भाव बोलत होता तरी. 1960 च्या प्राणी-क्रूरता कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे, हे किती दुकानदार पाळतात? आणि गल्ल्याजवळ एक वही असते, कोंबडा हवा असलेल्यांची नावं त्यात. शेजारच्या गावातल्या एका आजींचा कोंबडा मुंगसाने नेला होता. शिरपा त्यांच्याकडे गेला. एक आम्ही ठेवला, बाकीचे चार वजनावर गेले. ते कशासाठी गेले हे मी लेकीला खरं सांगितलं. ती खूप रडली. रडूच दिलं, कारण ज्याला हाताने भरवलं त्याच्यासाठी रडणं योग्यच आहे.

खटकलं ते वजन करणं. पाय बांधून उलटे काट्याला लटकवतात. मी आमच्या कोंबड्यांना तसं करू दिलं नाही, डालग्यासकट वजन करून डालग्याचं वजा करायला लावलं. काकांनी कुरकुर न करता केलं. पण न सांगता सगळ्यांसाठीच व्हायला हवं. त्यासाठी एक गुण कापते.

पिल्लं माघ-फाल्गुनात आणा. पावसात ऊब राखणं कठीण जातं, आणि आषाढात गटारीच्या आधी कोंबड्यांना भाव बरा येतो, श्रावणात कोणी विचारत नाही. एखाद्यात जीव अडकला असेल तर वही आधीपासून बघत राहा, कोंबडा मागणारी घरं थोडी असतात.