लहान मुलांचा संगीत नाटकाचा क्लास: जूनपासूनचा अनुभव

मुलगी दुसरीत आहे, जूनमधे तिला इथे रत्नागिरीतच संगीत नाटकाच्या क्लासला घातलं, आता जत्रांचा सीझन उरकत आलाय म्हणजे लिहायला हरकत नाही. क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये, खाली तक्रारी पण आहेत.

आधी चांगलं सांगते. बऱ्याच ठिकाणी मुलांना डायरेक्ट मोठी नाट्यपदं देतात, मग सहा वर्षांचं पोर तान घेताना तोंड वेडंवाकडं करतं आणि घरचे व्हिडिओ काढतात. इथे ताना अजिबात नाहीत. साकी आणि दिंडी, म्हणजे जुन्या सोप्या चालीची पद्यं, बस. बाईंचं म्हणणं असं की १८८० साली किर्लोस्करांनी शाकुंतल केलं तेव्हा त्यातपण साक्या-दिंड्या भरपूर होत्या, लोकांच्या कानात त्या चाली आधीच होत्या, मग मुलांनी तिथूनच सुरुवात का करू नये. दिंडीच्या ओळीत १९ मात्रा, ९ आणि १० अशी फोड, तर मुलं नऊ मात्रा चालतात, थांब्यावर वळतात आणि दहा मात्रा परत येतात. मात्रा म्हणजे काय हे कोणी समजावलंच नाही तरी आमची आता अंगणात तेच करत फिरते.

नाटक बाईंनीच लिहिलेलं, आंब्याच्या बागेतली माकडं आणि राखणदार. सगळ्यात जास्त वेळ जातो तो बोलता बोलता गाण्यात शिरायला. मुलं काय करतात, वाक्य संपवतात, हात बांधून सरळ उभी राहतात आणि मग गातात, शाळेच्या प्रार्थनेसारखं. इथे पेटीवाले आजोबा शेवटच्या वाक्याखाली हळूच सूर धरतात आणि मुलाने त्याच श्वासात पद उचलायचं. आणि स्केल मुलांचं, पेटीची काळी चार-पाच पट्टी. मोठ्या पुरुषांच्या खालच्या 'काळी एक' पट्टीत ही पोरं नुसती घरघरतात.

आता प्रेक्षक होणं. अर्धी बॅच नाटक करते, अर्धी समोर बसते, मग उलट. तिसरी घंटा झाली की बोलणं बंद, शू-बिशू प्रवेश संपल्यावर, टाळी पद पूर्ण झाल्यावर, पुढचं वाक्य पाठ असलं तरी शेजारच्याला आधी सांगायचं नाही (हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो). शेवटी प्रत्येकाने काय बघितलं ते सांगायचं, पण 'छान होतं' म्हणलेलं चालत नाही. वन्स मोअर मागता येतो, पण एकदाच. संगीत राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं आमच्याकडे बऱ्याचदा सावरकर नाट्यगृहात होतात, तिकडे घेऊन गेले तेव्हा मुलं बसली नीट, मागे कोणाचातरी फोन वाजला तर सगळ्या माना एकदम वळल्या. माझ्या मते या क्लासचा खरा फायदा हाच आहे, गाणं नंतर कुठेही शिकता येईल.

डिसेंबरात माहेरी वेंगुर्ल्याकडे जत्रेला गेलो. दशावतारात संकासुर राक्षस आला, काळे कपडे, त्याचं ते गमतीचं बोलणं, लोक मधेच त्याला काहीतरी विचारतायत, आणि आमच्या लेकीबाई मामाला दरडावतात, गप्प बस! मामा म्हणाला, "गो बाय, संकासुराक कोणी तरी उत्तर देवक व्हया मा?" आल्यावर तिने हे क्लासमधे सांगितलं तर बाईंनी अख्खा तास त्यावरच घेतला. तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट आयत्या वेळी बोलतात, खेळ पहाटेपर्यंत चालतो, पोरं मांडीवर झोपतात आणि राक्षस आला की उठतात, ते तिथलं रीतसरच आहे, नाट्यगृहातले नियम वेगळे. हे मला फार पटलं, नाहीतर शिस्तीच्या नावाखाली मुलांना जत्रेत पण पुतळे करून बसवतील.

पालकांचं मात्र अवघड आहे. दिवाळीनंतरच्या प्रयोगाला पुढच्या दोन रांगा मोबाईल वर करून उभ्या, शेवटी विंगेतून एक माकड ओरडलं, काका खाली बसा ना! क्लासवाल्यांनी आधीच सांगायला हवं होतं, ग्रुपवर दिवसभर बाकीचे मेसेज तर चालूच असतात.

तक्रारी. हॉलवर पत्रे आहेत, जुलैत पाऊस लागला की पेटीसुद्धा ऐकू येत नाही, ते महिने फुकट गेले म्हणा. फीमधे कपडेपट धरलेला नाही, हे प्रयोगाच्या आठवड्यात कळलं. आणि आजोबा नसले की मोबाईलवर ट्रॅक लावतात. हे सगळ्यात वाईट, कारण मूल ओळ विसरलं तर आजोबा सूर धरून थांबतात, ट्रॅक पुढे निघून जातो आणि पोर रडकुंडीला येतं. कुठेही नाव घालायच्या आधी पेटीवर रोज माणूस असतो का ते नक्की विचारा. मी पुढच्या वर्षी परत घालणार, पण गणपतीनंतरच्या बॅचला.