गावच्या शाळेला देणगी: जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावी की अनुदानित हायस्कूलला?

शिमगा उरकून पालखी देवळात बसली की पुढच्या रविवारी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची सभा परळला भरते. खोली दहा बाय बाराची, माणसं तीस, पंखा एक. यंदा शिल्लक निघाली ३ लाख ४० हजार. ती शाळेला द्यायची, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. कुठल्या शाळेला, यावर दीड तास गेला. अर्धे म्हणाले वाडीतल्या मराठी शाळेला: जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, पट १९. उरलेले बाजारपेठेतल्या हायस्कूलसाठी अडून बसले: संस्थेचं, शंभर टक्के अनुदानित, पाचवी ते दहावी, आमच्यातले बहुतेक तिथेच शिकलेले. शेवटी तात्या म्हणाले, "जिथे पैसे खाल्ले जाणार नाहीत तिथे द्या." यावर कोण नाही म्हणणार? चौकशीचं काम खजिनदाराच्या, म्हणजे माझ्या गळ्यात आलं.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दोन फेऱ्या, दोन्ही मुख्याध्यापकांच्या भेटी आणि एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांच्या ओटीवर तीन संध्याकाळी घालवून जे कळलं ते लिहितोय. याच पेचात कोकणातली आणखीही मंडळं असणार.

तात्यांचा प्रश्नच जरा चुकला होता. तपासणीस दोन्ही शाळांत येतात, कारण दोन्हीकडे सरकारचा पैसा आहे. पण सरकार डोळा ठेवतं ते आपल्या रुपयावर. तुमचा रुपया त्या नजरेच्या टप्प्यात पडतो की बाहेर, हे पाहायला हवं.

मराठी शाळा: पैसा थोडा, वह्या फार

वाडीतल्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. म्हणजे आमच्या शाळेला दहा हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, फळ्याचा रंग. कोकणात वाडीवाडीला शाळा आणि पट विशीच्या आतबाहेर, त्यामुळे हा दहा हजारांचा आकडा फार शाळांच्या वाट्याला येतो.

हे पैसेही पूर्वीसारखे खात्यात येऊन पडत नाहीत. २०२१ नंतर केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात राहतो. शाळेच्या शून्य शिलकीच्या खात्यावर फक्त खर्चाचं लिमिट येतं. खर्चाची नोंद पोर्टलवर करायची, तिथून निघालेला कागद सही-शिक्क्यानिशी बँकेत द्यायचा, मग दुकानदाराच्या खात्यात रक्कम जमा. गुरुजींकडे प्रिंटर नाही. ते एसटीने तालुक्याला जातात, सायबर कॅफेत प्रिंट काढतात, बँकेत देतात, दुपारच्या गाडीने परततात. मार्चअखेर न वापरलेलं लिमिट परत जातं. हा सगळा खटाटोप दहा हजारांसाठी!

गुरुजींनी मला रोकडवही दाखवली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, प्रत्येक ओळीसमोर व्हाउचर क्रमांक. एका ओळीत 'फिनेल व खराटे, ३४० रु.' आणि त्याखाली समितीच्या ठरावाचा क्रमांक व तारीख. "३४० रुपयांना ठराव?" मी विचारलं. ते म्हणाले, "नंतर आक्षेप निघाला तर वसुली माझ्या पगारातून." जिल्हा परिषदेचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक तपासतात, महालेखापालांचं पथक येऊ शकतं, विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर आली की सगळा जिल्हा रात्रभर फायली लावत बसतो. आक्षेपांची पूर्तता मात्र वर्षानुवर्षं लोंबकळते आणि तोवर गुरुजींची बदली झालेली असते. पण वही मागे राहते.

आपल्या देणगीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने ती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक, बैठक महिन्यातून एकदा. खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या. या समितीने सरकारकडून, जिल्हा परिषदेकडून किंवा अन्य कुठूनही आलेल्या निधीच्या वापरावर देखरेख करायची, असं कायदाच सांगतो. त्या 'अन्य कुठूनही'मध्ये आपलं मंडळ बसतं. आपण दिलेल्या कपाटाबद्दल अध्यक्षपदावरची आपलीच वहिनी गुरुजींना बैठकीत विचारू शकते, आणि उत्तर इतिवृत्तात लिहावं लागतं.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात बैठकीचं रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरतं, हेही मी पाहिलंय. भातलावणीच्या दिवसांत कोण येणार बैठकीला? तरीही सह्या करणारी माणसं वाडीतली आहेत, संध्याकाळी पारावर भेटणारी आहेत.

हायस्कूल: पगारावर करडी नजर, बाकी दोन खिसे

अनुदानित हायस्कुलात सरकारचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे पगार. तो संस्थेच्या हाती पडतच नाही: शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीत बिल भरलं जातं, जिल्ह्याचं वेतन पथक ते तपासतं आणि पगार थेट शिक्षकाच्या खात्यात जातो. पदं किती, हे संच मान्यतेत, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीत, पटावरून ठरतं. म्हणून पट हाच इथला खरा हिशेब. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली ती यासाठीच, आणि हजेरीपटावरची कितीतरी मुलं प्रत्यक्षात नव्हती हे तेव्हा उघड झालं. आता विद्यार्थ्याचं आधार जोडलेलं लागतं. एवढं करूनही २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडींचा (पगारासाठीच्या शिक्षक क्रमांकांचा) घोटाळा बाहेर आला. पगार थेट खात्यातच जात होता, पण खातं कुणाचं हे वरचेच ठरवत होते. तेव्हा संगणक आला म्हणजे चोरी गेली, असं समजणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पगाराखेरीज थोडं वेतनेतर अनुदान मिळतं. त्याचा हिशेब शिक्षण विभागाचे लेखाधिकारी तपासतात, ग्राह्य खर्च कुठला आणि अग्राह्य कुठला ते ठरवतात. इथवर सरकारची नजर आहे.

तुमची देणगी या रस्त्याने जात नाही. हायस्कूलला दोन खिसे असतात: एक शाळेचा, एक संस्थेचा. संस्था ही सार्वजनिक न्यास. तिला १९५० चा विश्वस्त कायदा लागू, वर्षाचे हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे, जमीन विकायची किंवा भाड्याने द्यायची तर ३६ व्या कलमाखाली परवानगी घ्यायची. कायदा ढिला नाही. पण शिक्षणाधिकारी पाहतात शाळेचा खिसा, धर्मादाय कार्यालय पाहतं संस्थेचा ताळेबंद, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारं कुणी नाही. लेखापाल व्हाउचर जुळतं का पाहतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आला का, हे पाहायला तो जिना चढत नाही.

हायस्कूलमध्ये व्यवस्थापन समिती नाही का? पाचवी ते आठवीसाठी आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत तिचं काम फक्त सल्ला देण्याचं उरलं. नववी-दहावी तर शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेरच. निर्णय घेणार संस्था.

याचा अनुभव आम्ही घेतलाय. २०२० च्या जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर एका संस्थेला (हे हायस्कूल नव्हे, दुसरं) संगणकासाठी ६० हजारांचा चेक दिला. नारळ, शाल, फोटो सगळं झालं. पावती खिशात घालून मंडळी निघाली, वाचली कुणीच नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, शाळेचे पत्रे समोरच्या बागेत जाऊन पडले आणि आमच्या पैशांचे नवे पत्रे आले. पुढच्या वर्षी आमच्यातला एकजण कावला: "संगणकांचं पैशे दिलंव, मग संगणक कुठं हायत?" सचिवांनी शांतपणे पावतीची प्रत काढून दाखवली. त्यावर लिहिलं होतं 'इमारत निधी'. खाल्लं कुणीच नव्हतं. पत्रे तर हवेच होते. पण देताना सांगितलेलं कारण कागदावर आलं नाही, आणि विचारायला जागाच राहिली नाही.

मग काय द्यायचं आहे?

वस्तू द्यायची असेल तर माझं मत सरळ मराठी शाळेकडे. कपाट, टाकी, इन्व्हर्टर, टीव्ही काहीही असो. बिल मंडळाच्या नावाचं घ्या, वस्तू पोचवा, समितीचा स्वीकृतीचा ठराव मागा आणि डेडस्टॉक रजिस्टरातल्या (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतल्या) नोंदीचा फोटो काढून आणा. एकदा तिथे नोंद झाली की ती वस्तू जिल्हा परिषदेची मालमत्ता. मोडली तरी निर्लेखन, म्हणजे रीतसर बाद, केल्याशिवाय वहीतून जात नाही. नवे मुख्याध्यापक आले की चार्ज घेताना ती मोजून घेतात. शासनाची सप्टेंबर २०२३ ची दत्तक शाळा योजनाही रोख न घेता वस्तू आणि सेवाच घेते. तिथल्या रकमा मात्र आपल्या आवाक्याबाहेरच्या.

बांधकाम असेल तर उलट. जिल्हा परिषदेच्या जागेवर चार चिरे रचायचे तरी परवानगी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता. जुनी खोली पाडायची तर आधी निर्लेखनाचा प्रस्ताव. आमच्या शाळेची गळकी पडवी तीन पावसाळे प्रस्तावातच आहे. हायस्कूलची संस्था हेच काम मे महिन्यात उरकून मोकळी होते. हा वेग खरा आहे आणि तो नजर कमी असल्यामुळेच आहे, हे दोन्ही लक्षात ठेवून चेक लिहावा. एकदम पूर्ण रकमेचा नको. पाया झाला की एक, स्लॅब पडला की दुसरा.

तिसरा प्रकार मानधनाचा. पट कमी, शिक्षक एक, म्हणून गाव वर्गणीतून एखादी शिकलेली मुलगी ठेवतं. हेतू चांगला असतो. पण ते पैसे हातोहात जातात, कुठल्याच वहीत येत नाहीत, आणि दोन वर्षांनी वर्गणी आटली की त्या मुलीला तोंड कोण देणार? मी मंडळाला नको म्हणून सांगितलं. रिकामं पद भरायची जबाबदारी सरकारची आहे. आपण ती गुपचूप झाकतो.

कोकणात आणखी एक धास्ती आहे. १९ च्या पटाची शाळा उद्या राहील का? पटानुसार पदं ठरवण्याच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने वरच्या वर्गांची धाकधूक वाढलीय, कमी पटाच्या शाळा समूह शाळांत (अनेक छोट्या शाळांची मिळून एक) मिळवण्याची चर्चाही थांबलेली नाही. शाळा गेली तर टाकी, टीव्ही जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाईल, वाया जाणार नाही. वाडीतल्या माणसाला मात्र ते 'आमचं नेलं' असंच वाटणार. हलवता येईल तेच द्या, असं मी त्यामुळे म्हणतो. फरशी बसवू नका.

नव्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेचं नावही सभेत निघालं होतं. ती फीवर चालते, सरकारचा पैसा तिथे फार तर २५ टक्के राखीव प्रवेशांच्या परताव्यापुरता. त्या शाळेला देणगी कशाला?

विचारायचं ते आधी विचारा

माहितीचा अधिकार दोन्ही शाळांना लागू होतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर. सरकारी पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या संस्था या कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पण देणगीदाराने अर्ज टाकायची वेळ येऊच नये. चेक देण्याआधी संस्थेकडे मागच्या तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागायचा, आणि देणगी शाळेच्या खात्यात की संस्थेच्या, कुठल्या कारणासाठी, हे ठरावात घालून घ्यायचं. पावती तिथल्या तिथे वाचायची, शाल अंगावर असली तरी. करसवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख चालत नाही, चेकच द्यावा.

(मी हे सांगत असताना सभेत कुणीतरी विचारलंच, आपल्या मंडळाचा ताळेबंद धर्मादायला कधी गेला होता? त्यावर चहा आला.)

आमचं ठरलं ते असं. मराठी शाळेला दीड लाखाच्या आत पाण्याची टाकी, दोन कपाटं आणि इन्व्हर्टर. टाकी बसलीसुद्धा; तिच्या पोटावर गुरुजींनी पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉकचा अनुक्रमांक आणि साल घातलंय, मंडळाचं नाव त्याखाली बारीक अक्षरात. हा क्रम काहींना खटकला. उरलेले पैसे हायस्कूलच्या प्रयोगशाळेसाठी ठेवलेत, अहवाल आले तर. मुख्याध्यापकांनी शाळेचे कागद चार दिवसांत पाठवले. संस्थेच्या अहवालाबद्दल त्यांचा व्हॉट्सअॅप आला: "चेअरमनना विचारून सांगतो." त्याला आता पाच आठवडे झाले. गणपतीत सगळे गावी जाणारच आहोत, चेकबुक सोबत असेल.