एमकॅटचं ऑफिशियल प्रेप मटेरियल: घ्यावं का आणि कधी घ्यावं (प्री-मेड मुलांच्या आईबाबांसाठी)

थेट सांगते, एमकॅटसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेसाठी, पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले पैसे एएएमसीच्या स्वतःच्या मटेरियलवर घाला, क्लासचं नंतर बघा. एएएमसी म्हणजे असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस, परीक्षा घेणारे तेच आणि सरावाचे पेपर विकणारेही तेच. आमच्या लेकीने कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी परीक्षा दिली आणि त्या काळात मी तिच्याबरोबर बसून हे सगळं बऱ्यापैकी जवळून बघितलंय. इथे न्यू जर्सीत मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की कुणीतरी आई बाजूला घेऊन विचारतेच, क्लास कुठला लावलात हो? ते दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी परीक्षेबद्दल, कारण आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात भारतातली नीट (NEET) परीक्षा असते. नीट बारावीनंतर, 180 प्रश्न, 720 मार्क, मग रँक आणि रँकवर सीट. इथे आधी डिग्रीचा अभ्यास, त्यात बायो, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे लॅबसकट, शिवाय बायोकेम, आणि ते करता करता एमकॅट. 230 प्रश्न, नुसती पेपरची वेळ सव्वासहा तास, ब्रेक वगैरे धरून साडेसात तास पोरं त्या सेंटरवर असतात. चार सेक्शन, प्रत्येकाला 118 ते 132, टोटल 472 ते 528, मधला आकडा 500. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे नीटची सवय असलेल्या घरांनी मुलांना हे नक्की सांगा की एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅल्क्युलेटर पण नाही. 2023 साली एमडी कॉलेजांना (इथे एमडी म्हणजे डॉक्टरकीची पहिलीच डिग्री, आपल्यासारखी एमबीबीएसनंतरची नव्हे) 52 हजारांवर मुलांनी अर्ज केले, त्यातली 23 हजारांच्या आसपास आत गेली, आणि आत गेलेल्यांचा सरासरी स्कोर 511 च्या वर होता. म्हणजे स्पर्धा आहेच, पण ती एका आकड्यावर संपत नाही हे लक्षात ठेवा.

आता मटेरियल. यात पूर्ण लांबीच्या टेस्ट येतात, काही फुकट आणि बाकीच्या विकत, शिवाय क्वेश्चन पॅक आणि सेक्शन बँक हे सरावाच्या प्रश्नांचे संच, आणि कार्ससाठी, म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्यायच्या सेक्शनसाठी, वेगळा सराव. सगळं सुटं पण मिळतं आणि बंडलमध्ये पण. शिवाय परीक्षेत नक्की काय काय येतं त्याची अख्खी आउटलाइन त्यांच्या साइटवर फुकट आहे, ती मात्र पहिल्याच दिवशी प्रिंट करून भिंतीवर लावा.

सगळ्यात दमदार चीज म्हणजे सेक्शन बँक. पहिल्या व्हॉल्यूममध्ये 300 प्रश्न, तीन सायन्स सेक्शनना शंभर-शंभर, आणि ते खरंच कठीण आहेत. उदाहरण देते. कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटर (एन्झाइमची जागा अडवणारा रेणू) घातला की केएम (अर्ध्या वेगाला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) वाढतो आणि व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच राहतो, हे बायोकेम शिकलेल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. पण इथे असं सरळ विचारतच नाहीत, इथे कुठल्यातरी लॅबचा प्रयोग देतात, एन्झाइमचा एक म्युटंट, दोन ग्राफ, एक वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी), आणि मग विचारतात की तिसऱ्या गटात बँड फिकट का दिसतोय. पाठांतर लागतंच, वीसच्या वीस अमिनो ॲसिड झोपेत सांगता आली पाहिजेत, पण पाठांतरावर फक्त दारापर्यंत पोचता येतं, पुढचं सगळं ग्राफ वाचण्यावर. आणि हे मला मनापासून आवडलं, कारण उद्या डॉक्टर झाल्यावर नवीन औषधाचा पेपर समोर आला की हेच करायचंय ना!

कार्स हा आपल्या मुलांचा दुखरा भाग. नऊ पॅसेज, 53 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे एका पॅसेजला दहा मिनिटं. तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, राज्यशास्त्र, नगररचना, काहीही येतं आणि बाहेरचं ज्ञान काही कामाचं नाही, जे लिहिलंय त्यावरूनच उत्तर. आमच्याकडे सायन्सवाली पोरगी, अवांतर वाचन शाळेनंतर सुटलेलं, सुरुवातीला चार पर्यायांतले दोन उडवायची आणि उरलेल्या दोनांत अडकायची. मग आम्ही एक पद्धत बसवली. रात्री जेवणं झाल्यावर ती एक पॅसेज सोडवायची आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मला मराठीत समजावून सांगायची की तिने घेतलेला पर्याय का चूक. मला विषयातलं काही कळायची गरज नव्हती, मी फक्त एवढंच विचारायचे, हे पॅसेजमध्ये कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखव. एकदा एका चित्रकारावरच्या पॅसेजमध्ये ती ठामपणे म्हणाली की लेखकाला त्याची शेवटची चित्रं आवडत नाहीत, आणि बोट ठेवायला गेली तर तिथे लिहिलेलं की समीक्षकांना आवडत नाहीत. लेखक तर उलट त्यांच्याशी भांडत होता. असं दोन-चार वेळा झालं आणि मग तिची वाचायची तऱ्हाच बदलली. हे फक्त ऑफिशियल पॅसेजवर जमतं बरं का, कारण बाकीच्या कंपन्यांच्या कार्समध्ये बऱ्याचदा बरोबर उत्तरसुद्धा असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

एएएमसीच्या उत्तरांची स्पष्टीकरणं थोडक्यात असतात, मोजून काही ओळी. ज्याचा पायाच कच्चा आहे त्याला तेवढ्याने पुरणार नाही, त्याने आधी खान अकादमीचे व्हिडिओ बघावेत आणि यूवर्ल्ड या कंपनीची प्रश्नबँक करावी. यूवर्ल्डची स्पष्टीकरणं चित्रांसकट आणि भरपूर असतात, तिथे शिकायचं आणि ऑफिशियल प्रश्नांवर स्वतःला मोजायचं असं आमचं ठरलेलं होतं. पाठांतराला अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे.

म्हणून कधी घ्यावं याचं उत्तर, उशिरा. हे प्रश्न मर्यादित आहेत, एकदा बघितले की पुन्हा तेवढा उपयोग नाही. कंटेंटचा अभ्यास होईपर्यंत हात लावू नका, शेवटच्या दीड-दोन महिन्यांत काढा, आणि पूर्ण टेस्ट दर शनिवारी एक, सकाळी आठला, घरात टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. ब्रेकसुद्धा खऱ्यासारखे घ्यायचे, पहिल्या सेक्शननंतर दहा मिनिटं, कार्सनंतर अर्धा तास, मग परत दहा. सेंटरवर कागद-पेन्सिल मिळत नाही, लॅमिनेट केलेली पानं आणि बारीक मार्कर मिळतो, तर तसलीच पानं घरी करून घेतली आणि ती त्यावरच आकडेमोड करायला शिकली. जेवणाचं पण ठरवून टाकलेलं, पोळीचा रोल आणि केळं, परीक्षेच्या दिवशी नवीन काहीही पोटात घालायचं नाही. शेवटच्या टेस्टना जे मार्क पडत होते त्याच आसपास खरा स्कोर आला. ही या मटेरियलची खरी किंमत, परीक्षा पुढे ढकलायची की द्यायची हे त्यावरून ठरवता येतं.

आणि हे का महत्त्वाचं ते क्लासच्या अनुभवावरून सांगते. आम्ही एका मोठ्या कंपनीचा ऑनलाइन कोर्स पण घेतला होता, नाव लिहीत नाही, फी काही हजार डॉलर. शिकवणारे बरे होते, पण त्यांच्या स्वतःच्या टेस्टमध्ये मार्क फारच खाली यायचे, पोरगी रडवेली व्हायची, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन की आता पर्सनल ट्युटरिंगचं पॅकेज घ्या. ऑफिशियल टेस्ट दिल्यावर कळलं की ती मुळात एवढी मागे नव्हतीच. एखाद्या मुलाला बांधून घातल्याशिवाय अभ्यास होत नसेल तर कोर्स घ्या, माझी ना नाही. पण लाखभर रुपयांचा क्लास म्हणजे सीट नक्की, हे आपल्याकडचं गणित इथे लागू होत नाही.

पैशांवरून आठवलं, एएएमसीचा फी असिस्टन्स प्रोग्राम आहे, ज्यांचं उत्पन्न त्यात बसतं त्यांना परीक्षेची फी कमी होते, प्रेप मटेरियल फुकट मिळतं, आणि अर्जाच्या फीमध्ये पण मोठी सूट. मात्र आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे त्याचा अर्ज आधी, रजिस्ट्रेशन नंतर.

तारखांचा हिशोब पण बघा. मेडिकल कॉलेजांचा अर्ज मे महिन्यात उघडतो, मेअखेर-जूनपासून पाठवता येतो, आणि बहुतेक कॉलेजं आलेले अर्ज जसजसे येतील तसतसे बघतात. स्कोर यायला महिनाभर लागतो, म्हणून मार्च-एप्रिलची परीक्षा सोयीची. पण कुणाचा अभ्यास झाला नसेल तर घाईने देऊ नका, गॅप इयर घेणं इथे अगदी कॉमन आहे, त्या वर्षात मुलं हॉस्पिटलमध्ये स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टिपायचं, काम करतात, रिसर्च करतात, आणि अर्जात ते सगळं धरलं जातं. पुण्याहून सासूबाई विचारतात, वर्ष वाया गेलं का गं? नाही हो आई, अजिबात नाही.

शेवटची गोष्ट, जी बंडलमध्ये नाही पण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागते, ती म्हणजे एएएमसीचंच एमएसएआर, कॉलेजांच्या प्रवेशाची माहिती एकत्र देणारी ऑनलाइन यादी, वर्षभराचं सबस्क्रिप्शन, फार महाग नाही. प्रत्येक कॉलेजचे स्कोर, स्टेटमधले किती घेतात, बाहेरचे किती, शिफारसपत्रं कुणाची लागतात, सगळं तिथे असतं. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची जी मुलं इथेच वाढली पण ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यांनी तर हे आधी बघावं, कारण बरीच कॉलेजं सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. एमएसएआरवर इंटरनॅशनल चालतील असं दिसलं तरी त्या कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला आपला व्हिसा लिहून ईमेल टाका, उत्तर लेखी घ्या, आणि मगच ते कॉलेज यादीत घाला, कारण पहिल्या कॉलेजनंतर प्रत्येक जादा कॉलेजची फी वेगळी भरावी लागते.