चोर्ल्याच्या चढाला अडणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: दीड वर्षाचा अनुभव

पुण्याहून सेकंडहँड आणलेली मोठी डिझेल एसयूव्ही, आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा). कोल्हापूर-धारवाड हायवेला हिला तोड नाही. वंटमुरीचा चढ आला तरी गिअर कधी बदलला ते कळत नाही. सीट, सस्पेन्शन एक नंबर, त्यावर जास्त लिहीत नाही.

दुखणं चोर्ला घाटात. उतरताना काही नाही. गोव्याहून परत चढताना मात्र आवळ वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं गुरगुरायचं, आरपीएमचा काटा चार हजारांवर आणि गाडी रेंगाळलेली. मग एक दणका, डॅशबोर्डवर लाल इशारा आणि गाडी एकाच गिअरात अडकलेली. हा लिम्प मोड. आतल्या तेलाचा दाब किंवा गिअरचं गुणोत्तर जुळेना झालं की गिअरबॉक्स वाचवायला कंट्रोल युनिट गिअर बदलणंच थांबवतं. इंजिन बंद करून परत चालू केलं की शहाण्यासारखी चालते. कणकुंबी, जांबोटी करत बेळगावात पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही.

सर्व्हिस सेंटरवाले सपाट रस्त्यावर फिरवून आणायचे. "बरोबर हाय की ओ सर." आणि दरवेळी फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) पुसून द्यायचे. मला सगळ्यात राग याचा. कोडसोबत त्या क्षणाचं तापमान, वेग, व्होल्टेज नोंदलेलं असतं. ते पुसलं की पुरावाच गेला. व्होल्टेज पडलं तरी असे इशारे येतात म्हणून बॅटरीही बदलून झाली. फरक शून्य. शेवटी व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) बदला म्हणाले.

उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "सपाटीला कधी झालंय काय?" नाही म्हटल्यावर सरळ लिफ्टवर घेतली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नाही. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ३० ते ५० अंशांवर असताना बाजूचा प्लग उघडायचा, तेल काठावरून ओघळायला पाहिजे. थेंब आला नाही. वायरिंगचा कनेक्टर आत जातो तिथल्या प्लॅस्टिक स्लीव्हचं सील कडक झालेलं, खालच्या गार्डवर तेल-धुळीचा काळा थर. चढाच्या वळणावर उरलेलं तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात. सपाटीला तेवढं तेल पुरतं!

मॅन्युअलात हे तेल 'लाइफटाइम'. कुणाच्या लाइफचं, ते लिहिलेलं नाही. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत तेल बदलायला सांगते. स्लीव्ह, तेल, फिल्टरसकट पॅन, सगळं मिळून व्हॉल्व्ह बॉडीच्या कोटेशनच्या दहाव्या हिश्श्यात झालं. पॅनच्या चुंबकावर बारीक राखाडी गाळ होता, धातूचे मोठे कण नव्हते, तेव्हा जिवात जीव आला.

त्यानंतर भर पावसात चोर्ला, आंबोली दोन्ही चढलो, कुठे अडली नाही. सकाळी गार असताना टिळकवाडीच्या रेल्वे गेटला हळू होताना दुसऱ्यातून पहिल्यात हलका धक्का बसतो, तो अजून आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार असाल तर सील त्यात येतं का ते आधी लेखी घ्या. मला 'झिजणारा भाग' म्हणून नकार मिळालाय.