कॉम्प्रेसरची गरम हवा आणि ‘दहा डिग्री कमी’ची गॅरंटी

अंधेरी एमआयडीसी, साकीनाका, भांडुप या पट्ट्यात ज्यांचा गाळा आहे आणि हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर मागच्या गल्लीत पत्र्याखाली ठेवलाय, त्यांनी हे जरूर वाचा. उन्हाळा तोंडावर आला की ‘हीट मॅनेजमेंट’वाले गाळ्यागाळ्यांतून फिरायला लागतात. त्यातल्याच एकाने आम्हाला २ लाख ८० हजारांची टोपी घातली.

आमचा २२ किलोवॉटचा एअर-कूल्ड स्क्रू कॉम्प्रेसर आहे. असं मशीन जेवढी वीज खातं, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. घरचे दहा गिझर दिवसभर चालू ठेवा, तेवढी. आमच्याकडे ही गरम हवा वरच्या पत्र्याला आपटायची, कंपाउंड वॉलमुळे बाजूला जायला वाट नाही, की वळून परत सक्शनमध्येच, म्हणजे मशीन हवा आत ओढतं तिथेच. मार्चमध्ये पूर्वेकडचा वारा असला आणि समुद्राकडचा उशिरा सुटला, की दुपारी मशीन ११० डिग्रीला ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. लाइन बंद, पोरं हातावर हात ठेवून बसलेली.

तेव्हा हे साहेब आले. गोड बोलणं, हातात लांबूनच तापमान मोजणारी टेम्परेचर गन. गरम हवा बाहेर न्यायला डक्ट (पत्र्याचा बोगदा) टाकतो, दहा डिग्री कमी होणार, लेखी गॅरंटी. ७० टक्के ॲडव्हान्स घेतला. डक्ट आला तो मशीनच्या आउटलेटपेक्षा अरुंद, त्यात दोन काटकोनी वळणं (एल्बो). कॉम्प्रेसरच्या आतला पंखा लांब डक्टमधून हवा ढकलायला बनवलेलाच नसतो, त्याच्याकडे जादा दाब अगदी थोडा असतो. डक्टचा रोध वाढला की हवा कमी होते आणि मशीन उलट जास्त तापतं. वेगळा एक्झॉस्ट फॅन लागेल का, असं विचारलं तर म्हणाला, ‘शेठ, उगाच खर्च कशाला?’ तेव्हा मला तो माणूस प्रामाणिक वाटला होता!

आता हातचलाखी ऐका. काम सुरू करण्याआधी त्याने तेलाच्या टाकीवर गन रोखली, ९६ दाखवले. मग ‘रीडिंग दरवेळी एकाच जागी घ्यायची’ म्हणून त्या जागेवर ॲल्युमिनियमची चकचकीत टेप चिकटवली. काम झाल्यावर त्याच टेपवर गन रोखली: ५८. चकचकीत धातूवर ही गन खरं तापमान दाखवतच नाही, खूप कमी दाखवते. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर ११२ दिसत होते, तर म्हणे सेन्सर जुना झालाय. मशीन मात्र ट्रिप होत नव्हतं, त्यामुळे आम्ही खूश. उरलेला चेक त्याच संध्याकाळी गेला.

पुढे तेल काळंकुट्ट झालं, जळका वास यायला लागला. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला, त्याने पासवर्ड टाकून सेटिंग उघडलं. ट्रिप ११० वरून १२० करून ठेवलेली! त्याने टेपवर वायरमनची काळी चिकटपट्टी लावली आणि गन पुन्हा रोखली. आकडा झटकन शंभरीपार. टेप खरवडायची गरजच पडली नाही.

कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच फर्मचा निघाला. हे दोन मिनिटांचं काम ॲडव्हान्स देण्याआधी करता येतं, कुणालाही. पोलिसांनी अर्ज घेतला, पण पैशाचा वाद दिवाणी आहे म्हणाले. वकिलाची नोटीस परत आली.

खरा इलाज त्या मानाने स्वस्तात झाला. आउटलेटवरचा पत्रा कापला, आउटलेटएवढ्याच तोंडाचा आखूड, सरळ डक्ट वर काढला, पावसासाठी टोपी बसवली. सर्व्हिसला मशीन उघडता यावं म्हणून डक्ट बॉडीला बोल्टने जखडला नाही. हवा परत येते का, हे पाहायला सक्शनच्या जाळीपाशी सावलीत साधा थर्मामीटर टांगा, दुसरा गल्लीच्या मोकळ्या तोंडाशी. दोन्हींत मोठा फरक दिसला तर गरम हवा फिरून येतेय.

पीओमध्ये (कामाच्या लेखी ऑर्डरमध्ये) आता आम्ही दोन ओळी घालतो. काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर ट्रिप सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो जोडायचा. आणि शेवटचे ३० टक्के एप्रिलच्या दुपारी, फुल लोडवर, मशीनच्या स्वतःच्या डिस्प्लेवरचा आकडा पाहूनच द्यायचे.