सीबॅमचे कागद करून देणारं साताऱ्यातलं ऑफिस : पाचपैकी चार तारे

जर्मनीच्या गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये पूर्वी दोनच प्रश्न असायचे. माल कधी निघतोय आणि दर कमी होईल का. आता तिसरा आलाय : तुमच्या एक टन बोल्टमागे कार्बन किती? आमचं जुन्या एमआयडीसीत फास्टनरचं वर्कशॉप आहे. हेडर आणि थ्रेड रोलिंग घरचं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला. मशीनचं यजमान बघतात, कागद माझ्याकडे. या तिसऱ्या प्रश्नासाठी मी पोवई नाक्याजवळच्या या ऑफिसात गेले.

ज्यांचा अजून सीबॅमशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सीबॅम म्हणजे युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या मालावरचा कार्बनचा आकार. युरोपियन युनियनमधल्या पोलाद कारखान्याला धुराचे पैसे मोजावे लागतात. बाहेरून येणाऱ्या मालाला ते लागत नव्हते, म्हणून हे प्रकरण काढलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा हिशोब चालू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज एवढंच त्यात येतं, पण नटबोल्ट कस्टमच्या 7318 कोडखाली, म्हणजे पोलादातच मोडतात, म्हणजे आम्ही आत. पैसे भरायचे ते आयात करणाऱ्याने. तो ते कुणाच्या दरातून काढणार हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको. आपण आपला खरा आकडा दिला नाही तर तो युरोपने ठरवलेला ठोक आकडा धरतो, त्यावर 2026 ला 10 टक्के, 2027 ला 20 आणि 2028 पासून 30 टक्के चढवून.

आता ऑफिसबद्दल. तिथले सर वयस्कर आहेत, आयुष्य फाउंड्रीत गेलेलं. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाले, "वहिनी, आधी युरोपातली गिऱ्हाइकं सांगा, मग बघू." आमची दोन. जर्मनीचा मोठा व्यापारी आणि हॉलंडचा एक छोटा, जो वर्षाला थोड्याच पेट्या उचलतो. सरांनी हॉलंडवाल्याला काय लिहायचं ते तिथल्या तिथे सांगितलं : तुम्ही सगळीकडून मिळून वर्षाला 50 टनांच्या वर सीबॅमचा माल आणता का? 50 टनांपर्यंत सीबॅम लागत नाही, पण ही सूट आयात करणाऱ्याच्या एकूण मालावर असते, आपल्या एकट्याच्या मालावर नाही. इथे बरेच जण फसतात, आपला माल कमी म्हणून निवांत बसतात. हॉलंडवाल्याचं उत्तर आलं, नाही आणत. विषय संपला. त्या गिऱ्हाइकाचा रिपोर्ट करून सरांना फी घेता आली असती. घेतली नाही.

जर्मनीसाठी मात्र खरं काम करावं लागलं. सरांच्या ऑफिसातला पोरगा, पंचविशीचा असेल, वर्कशॉपवर आला. मला वाटलं वीजबिलापासून सुरुवात करेल, कारण आधीच्या दोन वर्षांच्या तिमाही रिपोर्टला महावितरणची बिलं मागत होते. तो म्हणाला, पोलादाला आता विजेचा धूर धरत नाहीत, तुमच्या कारखान्यात फारसं काही नाहीच. आकडा येतो वायर रॉडमधून, म्हणजे ज्या जाड तारेचे बोल्ट करता तिच्यातून. कोळशावरच्या भट्टीचा रॉड असेल तर टनाला दोन-अडीच टन कार्बन, भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेला असेल तर त्याच्या कितीतरी कमी. मग गडी थेट कॉइलच्या ढिगाकडे. प्रत्येक कॉइलला तारेनं बांधलेला पत्र्याचा टॅग असतो, त्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर ठोकलेला. तो टॅग चोळून पुसायचा, मोबाईलवर फोटो काढायचा आणि माझ्या फाईलमधल्या टीसीशी, म्हणजे मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी नंबर जुळवायचा. काही कॉइलला टॅगच नव्हते. ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही सुटा माल घेतो त्याने काढून टाकलेले. आणि टीसी कुठल्या भलत्याच हीटचे. पोरानं ते कॉइल बाजूला करून खडूने फुली मारली : "काकू, ह्याचे बोल्ट जर्मनीला पाठवू नका, ह्यांना ठोक आकडाच लागेल." तेव्हापासून आम्ही एक्सपोर्टचा रॉड वेगळ्या कोपऱ्यात ठेवतो. यजमान आधी कुरकुरले, जागा कुठंय म्हणून.

आणखी एक गोष्ट आवडली. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आम्ही आकडे तयार करून देऊ, पण शिक्का मारणारे आम्ही नाही. खरे आकडे द्यायचे तर मान्यताप्राप्त तपासनीस लागतो आणि पहिल्या वर्षी तो प्रत्यक्ष कारखान्यात यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा. दुसऱ्या एका शहरातल्या माणसाने मला "सगळं आमच्याकडेच होतं" असं सांगितलं होतं, ते बरं झालं ऐकलं नाही.

महिन्याला व्हॉट्सॲपवर मराठीत पानभर टिपण येतं, तेही फीमध्येच. एक तारा त्याचा. युरोपचे नियम सारखे का हलतात हे मला त्यातून कळायला लागलं. 50 टनांची सूट ऑक्टोबर 2025 मध्ये कायद्यात आली. त्यामागे जून 2024 ची युरोपियन संसदेची निवडणूक आहे, जिच्यात उजव्यांचं बळ वाढलं. सप्टेंबरमध्ये इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांचा अहवाल आला, की युरोपचा उद्योग मागे पडतोय, नियमांचं ओझं उतरवा. त्यात 2022 पासून रशियाचा स्वस्त गॅस गेलेला. सीबॅम सैल केला की तिथले पोलादवाले ओरडतात, आवळला की तेच पोलाद विकत घेणारे मशीनवाले ओरडतात. आमचा जर्मन दुसऱ्या गोटातला. तो आम्हाला मेलमध्ये सहानुभूती पाठवतो, दर मात्र वाढवत नाही.

टिपणात अमेरिकेचंही होतं. जुलै 2025 मध्ये युरोपने ट्रंपसाहेबांशी 15 टक्के ड्युटीवर तडजोड केली आणि ऑगस्टच्या संयुक्त निवेदनात अमेरिकेच्या छोट्या उद्योगांच्या तक्रारीची दखल घेऊन सीबॅममध्ये आणखी लवचिकता आणू असा शब्द दिला. आम्ही काय मोठे उद्योग आहोत? पण रडायलाही तोंड नाही. युरोपचं दार आम्हाला उघडलं ते फेब्रुवारी 2022 मध्ये चिनी फास्टनरवर 22.1 ते 86.5 टक्के अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे पडेल भावाने माल ओतण्याविरुद्धची जादा ड्युटी बसली म्हणून. त्याआधी हा जर्मन आमच्या मेलला उत्तरही देत नव्हता.

27 जानेवारी 2026 ला दिल्लीत भारत-युरोप व्यापार कराराच्या वाटाघाटी संपल्याचं जाहीर झालं तेव्हा एमआयडीसीत पेढे वाटणारे निघाले. वाटाघाटी 2007 पासूनच्या, मध्ये 2013 ला बंद पडून 2022 ला परत चालू झालेल्या, त्यामुळे आनंद खोटा नव्हता. मी सरांना फोन केला, आता सीबॅम गेला का? म्हणाले, ड्युटी वेगळी, कार्बन वेगळा. बोल्टवर ड्युटी मुळात 3.7 टक्केच आहे, आणि कराराला अजून युरोपियन संसदेची मंजुरी लागेल. कार्बनचं उलट आहे. तिथल्या कारखान्यांना धुराचे जे फुकट परवाने मिळतात ते 2026 पासून कमी होत होत 2034 ला संपणार, तसा आपल्या मालावरचा बोजा चढत जाणार. म्हणून रॉड कुठल्या भट्टीचा घ्यायचा ते आत्तापासून ठरवा. आम्ही एका भंगारवाल्या मिलकडून सॅम्पल मागवलंय. दर चढा आहे, हेडिंगला, म्हणजे बोल्टचं डोकं ठोकताना, फाटतो का ते अजून बघायचंय.

तक्रारी आहेत. पूर्ण फी आगाऊ घेतात, हप्ता नाही. पोराचं प्रेझेंटेशन लांबलचक. हवामान बदलाच्या स्लाइड निम्म्या केल्या तरी चालेल, आम्हाला पटलंय. शेवटचा रिपोर्ट इंग्रजीत येतो. तो जर्मनीला जायचा म्हणून ठीक आहे, पण मराठीत एक पान गोषवारा दिला तर यजमानही वाचतील. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंदच असते, आणि खाली गाडी लावायला जागा नाही. स्टँडजवळ गाडी लावून चालत या.

जाताना एक वर्षाची रॉडची बिलं, टीसी आणि शिपिंग बिलं घेऊन जा. शनिवारी दुपारनंतर सर नसतात, आणि पोरगा एकटा असला की स्लाइड दाखवल्याशिवाय सोडत नाही.